काला आणि पंगत



वारकरी मंडळींना काल्याविषयी नवे ते काय सांगावे? सात दिवस पारायण, हरिपाठ, रात्रीची कीर्तने, जागर. आणि शेवटी काल्याचे कीर्तन. हंडी फुटली की बुवा स्वतःच्या हाताने काला वाटतात. ज्वारीच्या लाह्या, दही, काकडी, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कुणाच्या घरचे लिंबाचे लोणचे. सगळे एका परातीत कालवलेले. कुणाच्या घरून काय आले हे त्यातून वेगळे काढता येत नाही, म्हणूनच तो काला. पुढे आलेला हात कुणाचा आहे हे बुवा पाहत नाहीत. निदान पाहू नये असे शास्त्र आहे. पण काला खाऊन झाला की त्याच मंडपात महाप्रसादाची पंगत बसते, आणि तेथे मात्र पुष्कळ गावांत पुष्कळ वर्षे हात पाहिले गेले. काही गावांत आजही पाहिले जातात. आता कुणी उघड म्हणत नाही इतकेच. "ती मंडळी मागूनच येतात हो," "त्यांना तिकडेच बसायला मोकळे वाटते," अशा मवाळ भाषेत पाहिले जातात.

या पंगतीविषयीच आज लिहायचे आहे. दुसऱ्याचा दोष काढायला लेखणी हाती घेतलेली नाही. माझ्यापाशी माझा स्वतःचाच पुरेसा आहे.

प्रथम कथाभाग. भागवताच्या दशम स्कंधात, तेविसाव्या अध्यायात, यज्ञपत्न्यांची कथा आहे. गोपाळ रानात भुकेले झाले. भगवंतांनी त्यांना सांगितले, पलीकडे ब्राह्मणांचे सत्र चालले आहे, तेथे जाऊन माझे नाव सांगा आणि अन्न मागा. पोरे गेली, जमिनीवर दंडवत पडली, हात जोडून भात मागितला. ब्राह्मणांनी काय केले? पुष्कळांना वाटते त्यांनी हाकलून दिले. नाही. व्यासांनी येथे मोठी बारीक गोष्ट लिहून ठेवली आहे. त्यांनी होयही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. ऐकून न ऐकल्यासारखे केले. हातात दर्भ, समोर अग्नी, मंत्रात खंड नाही, स्वरात चूक नाही. आणि दाराशी यज्ञाचा भोक्ता भुकेला उभा. पोरे परत फिरली. मग भगवंतांनी त्यांना आत, बायकांकडे पाठविले, आणि त्या माउल्या नवऱ्यांनी, भावांनी, मुलांनी अडवले तरी पात्रे भरून घेऊन निघाल्या. पुढे त्या ब्राह्मणांना पश्चात्ताप झाला. आपल्या विद्येला, व्रताला, कुळाला त्यांनी स्वतःच धिक्कारले. परंतु दर्शनाला गेले का? गेले नाहीत. कंसाची भीती वाटली, आणि घरीच राहिले.

हा अध्याय मी पाठशाळेत सतराव्या वर्षी शिकलो. अन्वय लावला, समास सोडवले, गुरुजींनी टीकेसह सांगितला. पण तो कळायला एक पंगत पाहावी लागली.

माझे घराणे भिक्षुकीचे. पाठशाळेत सोवळे-ओवळे कडक होते. कीर्तनाला लागलो तेव्हाही मी गावकऱ्यांच्या हातचे शिजलेले घेत नसे, शिधा घेई. कणीक, डाळ, तूप, गूळ घेऊन देवळाच्या ओवरीत तीन दगडांची चूल मांडायची आणि आपल्या हाताने शिजवून खायचे. लोकांना त्याचे कौतुक वाटे. मलाही वाटे, खोटे कशाला बोलू.

१९८६ साली पैनगंगेच्या काठच्या एका गावात सप्ताह होता. गाव आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलेच, नाव सांगत नाही. तेथे मातंग वस्तीतले एक म्हातारबुवा होते. वयाने तेव्हा साठीच्या पुढे. सातही दिवस टाळकऱ्यांच्या पहिल्या ओळीत उभे असत. चाल चुकली की मान न वळवता नुसत्या टाळाच्या ठोक्याने ओळ सावरून घ्यायचे. हरिपाठ, काकडा, गौळणी, सगळे मुखोद्गत. पंढरीच्या वाऱ्या किती झाल्या विचारले तर म्हणत, "मोजल्या नाईत महाराज, मोजल्या तं कमी व्हतात."

काला झाला. मी माझ्या हाताने त्यांच्या ओंजळीत काला घातला, त्यांनी माझे पाय धरले, मी त्यांचे. वारकऱ्यांची रीतच ती. पंगतीची पाने मांडायला सुरुवात झाली तेव्हा सप्ताहाच्या पंचांपैकी एक गृहस्थ माझ्याकडे आले. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाले, "महाराज, वस्तीवरची मंडळी याच पंगतीला घ्यायची का मागून? पोरं म्हणतात याच पंगतीला घ्या, म्हातारे नको म्हणतात. तुम्ही म्हणाल तसं करू."

तुम्ही म्हणाल तसं करू! त्या दिवशी त्या गावात माझ्या एका शब्दाला किती वजन होते ते आज कळते. मी 'घ्या' म्हटले असते तर दहा म्हातारे उठून गेले असते, बाकी सगळे बसले असते. 'नको' म्हटले असते तर निदान माझे पाप माझ्या नावावर लागले असते. मी काय केले? मी घसा खाकरला, आणि पाणी मागितले. पाणी येईपर्यंत ते गृहस्थ जरा थांबले, माझ्या तोंडाकडे पाहिले, आणि समजायचे ते समजून निघून गेले.

म्हातारबुवा आणि त्यांची माणसे निंबाखाली बसून राहिली. दोन पंगती उठल्या. मग त्यांना वाढले. मी ओवरीत माझी चूल फुंकत होतो. डोळ्यांत धूर गेला. धूरच असेल.

होयही नाही आणि नाहीही नाही. अन्वय त्या दिवशी लागला.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणा राजा नावाचे गाव आहे. चोखोबारायांचा जन्म तेथला, असे परंपरा सांगते. ज्या मातीत आपण नांगर घालतो त्याच मातीतला हा संत. आणि त्यांच्या पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, चिरंजीव कर्ममेळा, अख्खे घर अभंग रचणारे. असे घर दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याने दिले असेल तर सांगावे. परंतु देऊळगाव राजाच्या बालाजीला जाणारे आपण, सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी माथा टेकणारे आपण, त्यांपैकी मेहुणा राजाला कितीजण गेलो? मी स्वतः पन्नाशी उलटल्यावर प्रथम गेलो. त्याआधी त्या रस्त्याने कितीदा गेलो असेन.

चोखोबांच्या चरित्रात महिपतीबुवांनी एक प्रसंग सांगितला आहे. पांडुरंग चोखोबांच्या घरी जेवायला आले. सोयराबाई वाढत होत्या, वाढता वाढता हातून दही सांडले. चोखोबा म्हणाले, अग, जपून वाढ, देवाचा पितांबर भिजला. बाहेरून एक ब्राह्मण चालला होता. त्याने ऐकले, आणि हा देवाची थट्टा करतो असे समजून चोखोबांच्या गालावर मारले. देवळात येऊन पाहतो तर देवाच्या पितांबरावर दही, आणि गाल सुजलेला. हा प्रसंग आम्ही कीर्तनकार रंगवून सांगतो. गाल सुजला म्हणताना आवाज कातर करतो, श्रोते डोळे पुसतात. पण यात देव कुठे होता ते आम्ही घाईने सांगून मोकळे होतो. देव पंगतीत होता. देऊळ सोडून तो जेथे जेवायला बसला तेथे त्याला वाढणारी सोयराबाई होती. मारणारा मात्र देव गाभाऱ्यातच आहे या समजुतीत होता.

मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळली आणि चोखोबा त्याखाली गेले, ते साल १३३८. नामदेवरायांनी अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी दिली. आणि त्या महाद्वारातून चोखोबांच्या ज्ञातिबांधवांना हक्काने आत जायला मिळाले ते १९४७ साली. सहाशे नऊ वर्षे. दर आषाढीला लाखो माणसे त्या समाधीला हात लावून पायरी चढत होती, आणि ज्याची समाधी त्याची लेकरे पायरीशी थांबत होती. हे आपण सर्वांनी, होय-नाही न म्हणता, पाहिले.

१९४७ सालच्या गोष्टीत अन्नच आहे. सानेगुरुजींनी आधी महाराष्ट्रभर हिंडून लोकांना विनविले, आणि मग १ मे रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषण मांडले. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले तेव्हा ते सुटले. दुसऱ्याला देवापाशी जाता यावे म्हणून एका माणसाने स्वतःच्या तोंडचा घास बाजूला ठेवला. आणि मठ देणारे तनपुरे महाराज तर आपल्याच संप्रदायातले, कीर्तनकार. त्यांनी पाणी मागितले नाही, जागा दिली. गाडगेबाबांनी तर त्याही आधी पंढरपुरात चोखोबांच्या नावाची धर्मशाळा बांधली होती, कारण वारीला आलेल्या या लेकरांना उतरायला कुणी ओसरी देत नव्हते. पुढे ती त्यांनी डॉक्टर आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबासाहेबांचे आणि आपल्या संप्रदायाचे पटले नाही असे म्हणणारे म्हणतात. मी एवढेच सांगतो की १९४८ साली त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाविषयी जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला वाहिला आहे. चोखोबांची आठवण कुणी कशी ठेवली याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

महाडलाही हेच. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायले हे सर्वांना ठाऊक आहे. नंतर मंडपात जेवत असलेल्या माणसांवर हल्ला झाला आणि शिजलेले अन्न मातीत मिळवले गेले, हे फारसे कुणी सांगत नाही. पाण्याचा राग अन्नावर निघाला. आणि हे आपल्याकडेच होते असेही नाही. अमेरिकेत ग्रीन्सबरो गावी १९६० च्या फेब्रुवारीत चार काळे विद्यार्थी गोऱ्यांच्या उपाहारगृहात जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. त्याच दुकानात वह्या-पेन्सिली विकत घ्यायला त्यांना मोकळीक होती, पैसे चालत होते. फक्त बसून खायला बंदी. माणूस शेजारी उभा राहिलेला चालतो, टाळ वाजवलेला चालतो, पाया पडलेला तर फारच चालतो. शेजारी बसून जेवू लागला की अंगावर काटा येतो. पाया पडण्यात आपण समता मानली, कारण ती स्वस्त होती.

उष्ट्याविषयी थोडे सांगायला हवे. संस्कृत शिकलेल्यांची गाडी तेथेच अडते, माझीही अडली होती.

छांदोग्य उपनिषदात उषस्ति चाक्रायणाची कथा आहे. कुरुदेशात गारपिटीने पिके गेली. उषस्ति भुकेने कासावीस, बायकोसह एका माहुताच्या गावी राहिलेला. माहूत कुळीथ की उडीद, काही भरडे धान्य खात होता. उषस्तीने तेच मागितले. माहूत म्हणाला, याशिवाय दुसरे नाही, आणि हे तर उष्टे आहे. उषस्ति म्हणाला, तेच दे. खाल्ले. मग माहुताने पाणी पुढे केले, तर म्हणाला, नको, ते उष्टे होईल. म्हणजे धान्य उष्टे नव्हते काय? तर उत्तर असे की ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो; पाणी मात्र मला हवे तेथे मिळते. गुरुजींनी हे आपद्धर्माचे उदाहरण म्हणून शिकविले, ब्रह्मसूत्रांतही याचा विचार तसाच आहे, आणि तो अर्थ चुकीचा नाही. परंतु त्यातले दुसरे वाक्य मला फार उशिरा ऐकू आले. पाणी मला हवे तेथे मिळते, असे उषस्ति म्हणू शकला. ज्याला पाणी कुठेच मिळत नव्हते त्याने काय म्हणावे? शुद्धतेची निवड करायलाही विहीर मोकळी असावी लागते.

आपल्या शेगावची गोष्ट तर घरचीच. २३ फेब्रुवारी १८७८. देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झालेली, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या, आणि एक तरुण त्या पत्रावळींवरची शिते वेचून खातो आहे. बंकटलालांनी आणि दामोदरपंतांनी पाहिले. आतून वाढून आणलेले ताजे ताट दिले तर सगळे एकात एक कालवून खाल्ले. दामोदरपंत प्यायला पाणी आणायला गेले, तोवर हे जनावरांच्या हाळावर जाऊन पाणी पिऊन आले. गजानन महाराजांचे पहिले दर्शन ते असे. सिंहासनावर नव्हे, समाधीत नव्हे, पत्रावळींच्या ढिगापाशी. आज शेगावला रोज हजारो माणसे रांगेत बसून महाप्रसाद घेतात आणि शेजारचा कोण हे कुणी विचारत नाही. मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीच्या उत्सवात पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरमधून वाढतात. शेतात मैलभर पंगत. तेथे कुणाला पुढे-मागे बसवायचे म्हटले तरी जमणार नाही. मग तीच माणसे आपापल्या गावी परतली की निंबाचे झाड आड कसे येते, हे मला कोडे आहे.

पंगतीतून उठवणे आणि वाळीत टाकणे या दोन गोष्टी एकाच चुलीवर शिजतात. आपल्या संप्रदायाचा आरंभच वाळीत टाकलेल्या चार मुलांपासून झाला, हे विसरू नये. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ताई खापर आणायला कुंभारवाड्यात निघाली. विसोबा चाटींनी कुंभारांना ताकीद दिली की संन्याशाच्या पोरीला खापर देऊ नका. पाहा, अन्न हिसकावले नाही, मारले नाही. फक्त एक मातीचे भांडे मिळू दिले नाही. बहिष्कार असाच असतो. गिरणीवाला पीठ दळत नाही, दुकानदार मीठ देत नाही, न्हावी वस्तरा लावत नाही, बैलजोडी भाड्याने मिळत नाही, लग्नाची पत्रिका येत नाही. रक्त सांडत नाही म्हणून पूर्वी पोलीस पाटीलही लिहून घेत नसे. पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहेच: ज्ञानोबारायांनी जठराग्नी चेतविला, पाठीवर मांडे भाजले. आणि विसोबा? ते लपून पाहत होते. धावत आले आणि ज्ञानोबांच्या पात्रातले उष्टे उचलून खाल्ले. त्यांचेच पुढे विसोबा खेचर झाले, नामदेवरायांचे गुरू झाले. बहिष्कार घालणाऱ्याची सुटका बहिष्कृताच्या ताटात झाली.

परंतु प्रत्येक मुक्ताईला पाठीवर मांडे भाजणारा भाऊ कुठून मिळणार? आणि प्रत्येक विसोबा ऐन वेळी पालटेलच याचा भरवसा कुणी द्यावा? म्हणून कायदा लागतो. हे वाक्य एका कीर्तनकाराच्या लेखणीतून उतरायला जड जाते, कारण आम्हाला हृदयपालट आवडतो. त्यात आमची आख्याने आहेत. तरी लिहितो. २६ जानेवारी १९५० पासून आपली राज्यघटना अंमलात आली. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि पंधराव्याने दुकान, उपाहारगृह, विहीर, तलाव, घाट, रस्ता सर्वांना मोकळा केला. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविषयी कायदा झाला. १९७६ साली त्यालाच नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले. त्यात धर्मशाळेतली आणि उपाहारगृहातली भांडी वापरण्याचा हक्कसुद्धा लिहिलेला आहे. भांडी! मुक्ताईचे खापर कायद्यात यायला साडेसहाशे वर्षांवर काळ गेला. आणि कुणालाही वाळीत टाकणे हाच गुन्हा ठरविणारा कायदा आपल्या महाराष्ट्राने २०१६ साली केला. ३ जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्या भूमीत ज्ञानोबारायांच्या घराला वाळीत टाकले गेले त्याच भूमीत हा कायदा झाला याचा मला अभिमान वाटतो, आणि तो करावा लागला याची लाज.

येथे आमच्यातले काही वारकरी मला अडवतील. म्हणतील, महाराज, सगळे खरे, पण खाण्यापिण्याचा विधिनिषेध आहे की नाही? आहे. मी माळकरी आहे. माझ्या घरात मांसमच्छर येत नाही, चातुर्मासात कांदा-लसूणही नाही, एकादशीला निराहार. जीव असेतो हे पाळीन. पण माळ मी आपण होऊन घातली. कुणी जबरदस्तीने अडकवली असती तर ती माळ नव्हे, दावे झाले असते. शेजाऱ्याच्या चुलीवर काय रटरटते याचा वास घेत फिरणे हे कुठल्या व्रतात सांगितले आहे? महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण धर्म शिकायला कुणाकडे गेला? मिथिलेच्या बाजारात मांस विकत बसलेल्या व्याधाकडे. व्याध आधी दुकान बंद करील, मग मी ऐकेन, असे कौशिक म्हणाला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. मला त्यात आपल्या शास्त्राविरुद्ध काही दिसत नाही. व्रत हे ज्याचे त्याने करायचे. मी ज्याच्या शेजारी बसतो त्याच्या कालच्या जेवणाची चौकशी करीत नाही, त्यानेही माझी करू नये. महाप्रसादाच्या पानात तर दोघांच्याही पुढे वरण-भातच आहे.

असो. म्हातारबुवांकडे परत येतो.

त्या सप्ताहानंतर तीन-चार वर्षांनी ते मला पंढरपूरला चोखोबांच्या समाधीपाशी भेटले. पायाला वाकले, मीही वाकलो. मी म्हटले, "बाबा, त्या दिवशी माझं चुकलं." ते हसले. म्हणाले, "महाराज, भूक व्हती, भागली. पुढं काय अन् मांगं काय, अन्न तेच. पण माही नात हाय ना लहान, ते इचारते. आबा, टाळ वाजवाले आपण पुढं, मंग जेवाले मांगं काऊन? मी तिले काय सांगू? तुमी शिकेल माणसं, तुमी सांगा."

मी शिकलेला माणूस. मला सांगता आले नाही. त्या वर्षापासून मी शिधा घेणे सोडले आणि पंगतीत बसू लागलो. पण प्रश्न माझ्या बसण्याचा नव्हता, त्यांच्या बसण्याचा होता. म्हणून नंतर जेथे कीर्तन ठरे तेथे आधी विचारू लागलो, पंगत एक की दोन? दोन असेल तर नारळ परत. काही गावे सुटली. एका ठिकाणी तर बोलावणे आले होते तेही गेले, आणि मागाहून कळले की त्यांनी दुसऱ्या बुवांना बोलावले. त्या बुवांना मी दोष देत नाही. त्यांना कुणी विचारलेही नसेल.

म्हातारबुवा वारले. ती नात शिकली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. तीन वर्षांपूर्वी त्याच गावचे पुन्हा बोलावणे आले. पंचांत आता नवी पोरे होती. म्हणाली, महाराज, पंगत एकच आहे, कधीचीच. मी जाण्याआधी त्या मुलीच्या घरी गेलो. मुलगी कसली, चाळिशीची बाई. मी सगळी हकीकत सांगितली आणि म्हटले, "काल्याला ये, आणि पहिल्या पंगतीला माझ्या शेजारी बस. माझं मन हलकं होईल."

तिने चहा पुढे ठेवला. म्हणाली, "महाराज, तुमचं मन हलकं व्हावं म्हणून मी कशाला बसू? तुमच्या दयेनं बसले तर उद्या दुसऱ्याच्या रागानं उठावं लागेल. मी येईन. पण गावातली आहे म्हणून येईन, वर्गणी दिलीय म्हणून येईन. बसायचं कुठं ते माझं मी पाहीन."

मला क्षणभर राग आला, हे लपवत नाही. एवढे नम्र होऊन आलो आणि हिने असे म्हणावे? घरी जाईपर्यंत तो राग उतरला. मी पुन्हा दाताच बनायला गेलो होतो. आधी मौन देऊन आलो होतो, आता जागा द्यायला निघालो होतो. जागा माझी नव्हतीच.

काला झाला. निंबाचे झाड आहे तेथेच आहे, त्याखाली आता पाण्याच्या टाकीचा नळ आहे आणि सगळी पोरे तेथे हात धुतात. मी पंगतीत बसलो, मध्येच कुठेतरी, डावीकडे एक ट्रॅक्टरवाला, उजवीकडे शाळकरी मुलगा. ती बाई कुठल्या ओळीत बसली म्हणून मान उंच करून पाहत होतो, तोच पुढून वरणाची बादली आली. पदर खोचलेला, हातात ओगराळे. बसलीच नव्हती, वाढायला उभी होती. माझ्या भातावर वरण घातले आणि ओगराळे तसेच धरून विचारले, "महाराज, आणखी?"

मी म्हटले, "होय."

वरण जरा खारट झाले होते. तेही तिला सांगितले.